दिवाळी अंकाचा मजकूर सगळ्यांनी मिळून लिहायचा तर कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली चौदा वर्षं मी एका छोट्या दिवाळी अंकाच्या संपादन मंडळात आहे. आमच्यातलं कोणीही पूर्णवेळ संपादक नाही. एक जण बँकेतून निवृत्त झालेले, एक शाळेत शिकवणारी, एक बंगळुरूला नोकरीला, आणि मुद्रितशोधन करणाऱ्या काकू डोंबिवलीत. जून उजाडला की स्मरणिका काढणाऱ्या मंडळांचे, कॉलेजच्या वार्षिक अंकवाल्यांचे, सोसायटीच्या रौप्यमहोत्सवाचं पुस्तक करणाऱ्यांचे फोन सुरू होतात. प्रश्न बहुतेक तेच असतात. त्यांची उत्तरं इथे एका जागी लिहिली आहेत.

आम्ही आतापर्यंत वर्डची फाइल व्हॉट्सॲपवर पाठवत आलो. त्यात बिघडतं काय?

पाठवली की ती एक फाइल राहत नाही, जितक्या जणांना पाठवली तितक्या तिच्या प्रती होतात. 'लेख अंतिम', 'लेख अंतिम २', 'लेख अंतिम काकूंनी तपासलेला' अशा चार फाइली चार फोनांत असतात आणि कोणती खरी हे फक्त ज्याने शेवटचा हात फिरवला त्यालाच ठाऊक असतं. तो गावाला गेला की संपलं.

आमच्याकडे हे घडलेलं आहे. १९८२च्या गिरणी संपात ज्यांच्या वडिलांची नोकरी गेली अशा एका बाईंनी वडिलांवर लेख लिहिला होता. लेख तपासून झाल्यावर त्यांचा मला फोन आला: दोन परिच्छेद बदला आणि गिरणीचं नाव चुकलंय, ते दुरुस्त करा. मी माझ्या प्रतीत सगळं केलं. छपाईला मात्र काकूंनी आधी तपासलेली प्रत गेली, कारण तिच्याही नावात 'अंतिम' होतं. अंक हातात पडल्यावर बाईंचा पुन्हा फोन आला. त्या चिडल्या नाहीत, "मी सांगितलं होतं ना रे तुला?" एवढंच म्हणाल्या. त्यांचे वडील ज्या गिरणीत तीस वर्षं साच्यावर उभे राहिले, तिचं नाव आमच्या अंकात कायमचं चुकीचं छापलं गेलं आहे. पुढच्याच वर्षी आम्ही फाइल पाठवणं बंद केलं. आता फाइल एका जागी असते आणि माणसं तिच्याकडे जातात.

थोडक्यात सांगा, कोणतं घेऊ?

बहुतेक मंडळांसाठी गूगल डॉक्स. सगळ्यांकडे वर्ड आहे आणि हात त्यावरच बसलेला आहे, तर वर्ड. पण फाइल वनड्राइव्हवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन जागेवर, ठेवून. मजकूर दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर ठेवायचाच नसेल, तर स्वतःच्या सर्व्हरवर नेक्स्टक्लाउड बसवून त्यावर कोलाबोरा किंवा ओन्लीऑफिस.

माझा आग्रह नावापेक्षा कसोट्यांवर आहे. त्यात मराठी नीट लिहिता, शोधता आणि बदलता येतं का? कोणी, कधी, काय बदललं ते दिसतं का आणि मागे जाता येतं का? सगळा मजकूर डीओसीएक्स (वर्डचं) किंवा ओडीटी (मोफत लिबरऑफिसचं) स्वरूपात हवा तेव्हा बाहेर काढता येतो का? आणि मंडळातल्या सर्वांत कमी सराव असलेल्या माणसाला ते अर्ध्या तासात जमतं का? ही शेवटची कसोटी लोक वगळतात आणि पस्तावतात. आमच्याकडे आम्ही आधी काकूंना जमतं का ते पाहिलं, मग बाकीच्यांनी होकार दिला.

सॉफ्टवेअर निवडण्याआधी काही तपासायचं असतं का?

हो, मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा संकेतांक देणाऱ्या पद्धतीत, आहे का ते. हे झालं नसेल तर जगातलं कुठलंही सॉफ्टवेअर तुमच्या कामाचं नाही.

श्रीलिपी, आकृती, कृतिदेव हे जुन्या पद्धतीचे फॉन्ट आपल्याकडे डीटीपीच्या (कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावून देणाऱ्या) दुकानांत अजून सर्रास चालतात. मराठी छपाई कॉम्प्युटरवर आली ती याच फॉन्टांच्या जोरावर, त्यामुळे त्यांचं ऋण मानायलाच हवं. पण त्यांत साठवलेलं अक्षर देवनागरी नसतं. कृतिदेवमध्ये 'मराठी' हा शब्द कॉम्प्युटरच्या लेखी ई, जे, के, मोठा बी आणि एच ही पाच रोमन अक्षरं असतो; फॉन्ट त्यांवर फक्त देवनागरीचा मुखवटा चढवतो. फॉन्ट काढला की मुखवटा गळतो. म्हणून असा लेख गूगल डॉक्समध्ये चिकटवला की निरर्थक रोमन अक्षरं दिसतात आणि फोन येतो की डॉक्स मराठी दाखवत नाही.

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली आली आणि तिच्यात देवनागरीला स्वतःचे संकेतांक मिळाले. तिथे 'म' हा 'म'च असतो, फॉन्ट कोणताही लावा. ओळखायची सोपी रीत अशी: लेखातली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपच्या संदेशात चिकटवा. वाचता आली तर युनिकोड.

युनिकोड नसेल तर रूपांतरकातून काढावा लागतो. रूपांतर कधीही शंभर टक्के शुद्ध होत नाही, हे धरून चाला. ऱ्हस्व वेलांटी (जुन्या फॉन्टांत ती अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर येते), रफार, 'ऱ्य' आणि 'ऱ्ह', तीन व्यंजनांची जोडाक्षरं आणि अवतरणचिन्हं या जागा डोळ्यांत तेल घालून पाहाव्या लागतात. लेख मागवतानाच 'मजकूर युनिकोडमध्येच पाठवावा' असं लिहा आणि ओळख पटवायची वरची युक्तीही सोबत द्या. नुसता 'युनिकोड' हा शब्द वाचून अनेक लेखक गांगरतात.

एखादा शब्द समोर दिसतो, पण शोधला तर सापडत नाही. हे काय आहे?

हा प्रश्न मला सर्वांत प्रिय आहे, कारण तो विचारणारा माणूस खरोखर काम करत असतो.

'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या. 'आचार्यांना' वंदन करायचं असतं आणि 'आचाऱ्यांना' स्वयंपाकाचं सांगायचं असतं. रफार कुठला, यावर मराठीत अर्थ ठरतो. तो पापणीसारखा आडवा र युनिकोडमध्ये दोन वाटांनी लिहिता येतो: एक, नुक्ता (खाली टिंब) असलेला 'ऱ' घेऊन त्याला हलन्त जोडून, दुसरी, साधा 'र', हलन्त आणि त्यानंतर एक न दिसणारं जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात, पण कॉम्प्युटरला ते वेगळे शब्द वाटतात. एका लेखकाचा कीबोर्ड पहिली वाट घेतो, दुसऱ्याचा दुसरी. मग तुम्ही 'दुसऱ्या' शोधता, बारापैकी सात सापडतात आणि पाच लपून राहतात.

'ॲ'चंही तसंच. मराठीचा 'ॲ' एकसंध अक्षर म्हणून युनिकोडमध्ये २००८ साली आला. त्याआधी लोक 'अ'वर चंद्र चढवून 'अ‍ॅ' करत किंवा हिंदी पद्धतीचा 'ऍ' वापरत. आजही एकाच अंकात तिन्ही भेटतात. आणि 'दुःख'! विसर्गाच्या जागी अपूर्णविरामाचे दोन टिंब टाइप करायची सवय इतकी रुजली आहे की अर्ध्या लेखांत तो शब्द ओळीच्या शेवटी तुटतो, पहिला तुकडा वर आणि 'ख' खाली.

उपाय साधा आहे. अंकासाठी एका पानाचं नियमपत्रक करा: कोणता 'ऱ्या', कोणता 'ॲ', आकडे देवनागरी की इंग्रजी, 'केलं' की 'केले', अवतरणचिन्हं एकेरी की दुहेरी. मग प्रत्येक लेख आत आला की, तपासायला घेण्याआधी, 'शोधा आणि बदला' वापरून या चार-पाच गोष्टी एकसारख्या करून घ्या. एका लेखाला दहा मिनिटं लागतात. निवडलेल्या सॉफ्टवेअरमध्ये हे बदल नीट होतात का, ते आधी एका लेखावर करून बघा. माझ्या मते मराठी मजकुरासाठी सॉफ्टवेअरची खरी परीक्षा इथेच होते.

दोघं एकाच परिच्छेदात टाइप करत असतील तर मजकुराचा गोंधळ कसा होत नाही?

समजा, तुम्ही शंभराव्या अक्षरापाशी काहीतरी खोडताय आणि त्याच क्षणी मी दहाव्या अक्षरापाशी पाच अक्षरं घातली. तुमची 'शंभरावं खोड' ही आज्ञा माझ्याकडे पोहोचेपर्यंत ते अक्षर एकशे पाचव्या जागी सरकलेलं असतं. म्हणून प्रत्येक आज्ञा समोरच्याच्या बदलांनुसार थोडी सरकवून लावावी लागते. ही कल्पना १९८९ साली एलिस आणि गिब्स या संशोधकांनी मांडली. दोन माणसांनी लांबून एकाच पडद्यावर काम करणं त्याहून जुनं: डग्लस एंगलबार्ट यांनी ते ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत भर सभेत करून दाखवलं होतं. सर्वसामान्यांच्या ब्राउझरमध्ये ते पोहोचलं रायटली या छोट्या सेवेमुळे, जी २००६मध्ये गूगलने घेतली आणि तिचं पुढे डॉक्स झालं; आणि २००८मध्ये आलेल्या ईथरपॅडमुळे, ज्यात प्रत्येकाचा मजकूर वेगळ्या रंगात उमटतो.

आपल्यापुरती एक गोष्ट ध्यानात ठेवा. 'क्षि' हे आपल्याला एक अक्षर वाटतं, पण आत क, हलन्त, ष आणि वेलांटी असे चार संकेत असतात. दोघांनी एकाच शब्दाच्या आत एकदम हात घातला तर एखादी वेलांटी निराधार होते आणि ठिपक्यांच्या गोलावर लटकलेली दिसते. असा गोल दिसला की अख्खा शब्द खोडून नव्याने लिहा. आत दुरुस्ती करत बसू नका. आमच्यात अलिखित नियम आहे: दुसऱ्याचा कर्सर ज्या परिच्छेदात दिसतो तिथून दूर राहायचं.

गूगल डॉक्स की वर्ड? नीट तुलना हवी आहे.

डॉक्सची मोठी बाजू म्हणजे काहीही बसवावं लागत नाही आणि दुवा पाठवला की माणूस थेट मजकुरापाशी पोहोचतो. परवानगीच्या तीन पायऱ्या असतात: फक्त पाहणं, टिप्पणी करणं आणि बदलणं. एका वेळी शंभर जणांपर्यंत काम करू शकतात, एका दस्तात, म्हणजे डॉक्सच्या एका फाइलीत, सुमारे १० लाख २० हजार अक्षरं मावतात. दिवाळी अंकाला ही मर्यादा कधी आडवी येत नाही, पण तरी अख्खा अंक एका दस्तात भरू नका. प्रत्येक लेखाचा वेगळा दस्त आणि सगळे एका फोल्डरमध्ये, असं ठेवा. मोठा दस्त फोनवर रेंगाळतो, आणि काकूंसारख्या माणसाला आपला लेख शोधायला स्क्रोल करत बसावं लागतं.

मोफत खात्याची जागा १५ जीबी असते, पण ती मेल आणि फोटोंमध्ये वाटलेली असते. लेखकांनी पाठवलेले मोठे फोटो तिथे साठले की ऐन सप्टेंबरात जागा संपते. फोटोंसाठी सुरुवातीपासून वेगळी सोय करा.

वर्डची बाजू म्हणजे मांडणी. तळटीपा, अनुक्रमणिका, तक्ते, परिच्छेदांच्या शैली यांत तो अजूनही पुढे आहे; शोधनिबंधांचा संग्रह किंवा गौरवग्रंथ करत असाल तर हे महत्त्वाचं. एकत्र काम करायचं तर फाइल वनड्राइव्ह किंवा शेअरपॉइंटवर हवी. पेनड्राइव्हवरची किंवा मेलने आलेली फाइल उघडून दोघं एकदम काम करू शकत नाहीत, आणि वर्ड घेऊनही जुनाच गोंधळ चालू राहतो तो यामुळेच. ब्राउझरमधला वर्ड मोफत आहे, वनड्राइव्हवर ५ जीबी जागा मिळते, आणि छोट्या मंडळाला तेवढं पुरतं.

मग आम्ही डॉक्स का घेतलं? लेखकांमुळे. आमचे निम्मे लेखक सत्तरीच्या पुढचे आहेत आणि त्यांच्या अँड्रॉइड फोनवर गूगलचं खातं आधीपासून असतं. त्यांना नवीन खातं, नवीन पासवर्ड काढायला लावायची माझी तयारी नव्हती.

लेखकाच्या मजकुरात थेट बदल करावा का?

शुद्धलेखन आणि विरामचिन्हं सोडली तर नाही. एवढं एकच ऐका, बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

डॉक्समध्ये 'सुचवणे' ही रीत आहे, वर्ड आणि लिबरऑफिसमध्ये 'बदलांचा मागोवा'. ती चालू केली की खोडलेला शब्द पुसला जात नाही, त्यावर रेघ येते. नवा शब्द वेगळ्या रंगात येतो. आणि मूळ लेखकाला प्रत्येक बदल स्वीकारता किंवा नाकारता येतो. शुद्धलेखन, विरामचिन्हं यांचे बदल आम्ही थेट करतो. वाक्य बदलायचं असेल तर सुचवतो. परिच्छेद काढायचा असेल तर कडेला टिप्पणी लिहितो, कारणासह. 'हे काढा' असं नाही, 'अंकाची पानं १६०च आहेत, हा प्रसंग आधीच्या पानावर येऊन गेलाय, काढला तर चालेल का?' असं.

बोलीतल्या लेखांत तर जास्तच जपा. मालवणीत किंवा अहिराणीत लिहिलेला संवाद प्रमाण मराठीत 'दुरुस्त' झालेला मी पाहिला आहे, आणि तेव्हा मागे जाता आलं म्हणूनच तो वाचला. ती सोय म्हणजे आवृत्तींचा इतिहास. तपासायला बसण्यापूर्वी सध्याच्या आवृत्तीला नाव देऊन ठेवा: 'लेखकाकडून आलेला', 'पहिलं वाचन', 'लेखकाने मान्य केलेला'. नावं दिली की तारखा चाळत बसावं लागत नाही. हा इतिहास फक्त बदल करायची परवानगी असलेल्यालाच दिसतो, हेही लक्षात असू द्या.

लेखक कॉम्प्युटर वापरत नाहीत. त्यांचं काय?

फोनवर जीबोर्ड हा गूगलचा कीबोर्ड असेल तर रोमन अक्षरांत टाइप केलं की देवनागरी उमटतं, आणि अनेकांना तेच सोपं जातं. बोलून लिहायचं असेल तर गूगलचं आवाजी टंकलेखन मराठी घेतं. ते सावकाश, शांत खोलीत बोलावं. विरामचिन्हं आणि परिच्छेद मागाहून कोणीतरी घालावेत. छापील कात्रणाचा स्वच्छ फोटो गूगल ड्राइव्हवर चढवून डॉक्समध्ये उघडला तर त्यातला मराठी मजकूर बऱ्यापैकी निघतो. हस्ताक्षराला हे जमत नाही. हस्तलिखित आलं तर कोणीतरी बसून टाइप करायचं आणि छापील प्रत लेखकाला घरी नेऊन दाखवायची. आमच्याकडे दरवर्षी तीन-चार लेख असे येतात आणि त्यांतला एखादा अंकातला सर्वांत चांगला निघतो, म्हणून ही वाट आम्ही कधी बंद करणार नाही.

कॉम्प्युटरवर टाइप करणाऱ्या नवीन मुलांना मी इनस्क्रिप्ट ही कीबोर्डची मांडणी शिकायला सांगतो. पंधरा दिवस त्रास होतो. पण ती मांडणी प्रत्येक विंडोजमध्ये आणि लिनक्समध्ये तयारच असते, आणि कोणत्याही भारतीय भाषेला जवळपास तीच चालते.

गावाकडे इंटरनेट जातं. तेव्हा काम थांबेल?

डॉक्समध्ये ऑफलाइन काम करता येतं, मात्र ती सोय इंटरनेट असतानाच चालू करून ठेवावी लागते. दोघांनी ऑफलाइन राहून एकाच ओळीत बदल केले तर नंतर ते एकत्र होताना वाक्य विचित्र बनू शकतं. तेवढी ओळ पाहून घ्या.

मुक्त सॉफ्टवेअर वापरायचं आहे. पर्याय आहेत का?

आहेत, आणि शक्य असेल त्याने जरूर वापरावेत. लिबरऑफिस २०१०पासून आहे, मोफत आहे, आणि त्याचं ओडीटी हे स्वरूप २००६पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे. उद्या कंपनी बंद पडली म्हणून फाइल उघडणार नाही अशी भीती त्यात नाही. पण कॉम्प्युटरवर बसवलेल्या लिबरऑफिसच्या रायटरमध्ये दोघांनी एकाच क्षणी लिहिण्याची सोय धरून चालू नका. त्यासाठी सर्व्हर लागतो: नेक्स्टक्लाउड आणि त्यावर कोलाबोरा, जो लिबरऑफिसच्याच पायावर उभा आहे, किंवा ओन्लीऑफिस. सर्व्हर म्हणजे देखभाल, बॅकअप आणि मध्यरात्रीचा फोन. मंडळात असं कोणी हौसेने करणारं असेल आणि ती व्यक्ती सोडून गेली तर दुसरी तयार असेल, तरच या वाटेने जा.

चेन्नईच्या झोहोचा रायटर हाही एक चांगला पर्याय आहे. कंपनी देशातली आहे, एकत्र लिहिणं आणि बदल सुचवणं दोन्ही त्यात आहे.

मजकूर संवेदनशील आहे. कोणालाही दिसता कामा नये.

क्रिप्टपॅड पाहा. त्यात मजकूर तुमच्याच ब्राउझरमध्ये कुलूपबंद होऊन सर्व्हरवर जातो, चालवणाऱ्यांनाही तो वाचता येत नाही. त्याची दुसरी बाजूही तितकीच खरी: पासवर्ड हरवला तर तो कोणीही परत मिळवून देऊ शकत नाही. छळाचे अनुभव, न्यायालयात असलेलं प्रकरण, अशा लेखांसाठी हे कष्ट घ्यावेत. आणि कोणतंही सॉफ्टवेअर असो, 'दुवा असलेल्या कोणालाही बदलता येईल' अशी परवानगी ठेवू नका. तो दुवा एका ग्रुपमधून दुसऱ्या ग्रुपमध्ये कधी जाईल सांगता येत नाही.

मराठी शुद्धलेखन तपासणी कुठे चांगली मिळते?

कुठेच पुरेशी नाही, आणि याचं कारण मराठीच्या रचनेत आहे. 'घर' शब्दकोशात असतो. पण घरात, घराला, घरापासून, घरासमोरच्या, घरांमधल्याही, अशी त्याची रूपं वाढत जातात. सामान्यरूप, विभक्ती, शब्दयोगी अव्यय एकाला एक चिकटतं. साध्या यादीवर चालणारा तपासनीस बरोबर शब्दांखालीही लाल रेघा ओढतो. शंभर रेघा दिसल्या की माणूस रेघांकडे बघणंच सोडतो आणि खरी चूक निसटते. वर्डसाठी मायक्रोसॉफ्टची मराठीची साधनं आहेत, हनस्पेल या मुक्त तपासनीसाचा मराठी शब्दकोश आहे. टंकनाच्या चुका पकडायला ती उपयोगी पडतात. ऱ्हस्व-दीर्घासाठी मात्र माणूसच हवा. काकू लेख मोठ्याने वाचतात आणि दुसरं कोणी पडद्यावर डोळे ठेवून बसतं. अजून तरी यापेक्षा बरी पद्धत मला सापडलेली नाही.

डीटीपीवाले युनिकोड नको म्हणतात. मग?

त्यांना विचारा की ते काय वापरतात. पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ची आहे आणि तिला युनिकोड कळत नाही. तिथे जुना फॉन्टच लागतो, म्हणजे तुमचा शुद्ध केलेला मजकूर पुन्हा उलट्या रूपांतरातून जाणार आणि नव्या चुका घेऊन येणार. इनडिझाइन हे त्याच कामाचं नवं सॉफ्टवेअर असेल तर प्रश्न सुटतो, फक्त परिच्छेद जुळवणीत 'वर्ल्ड-रेडी कंपोझर' निवडावा लागतो. तो निवडला नाही की जोडाक्षरं फुटतात आणि वेलांट्या पुढे-मागे होतात, आणि दोष युनिकोडच्या माथी येतो. आमच्या दुकानदारांना मी हे एकदा शेजारी बसून दाखवलं. तेव्हापासून त्यांची दुसरी गिऱ्हाइकंही युनिकोडवर आली आहेत.

देताना डीओसीएक्स द्या आणि शीर्षक, उपशीर्षक, उद्धृत यांना सॉफ्टवेअरमधल्या शैली लावा. नुसतं ठळक आणि मोठं करू नका. शैली लावलेल्या असल्या की त्या इनडिझाइनमध्ये तशाच येतात आणि दुकानदाराचे दोन दिवस वाचतात. मजकूर त्यांच्या हाती दिल्यावर मूळ दस्त सगळ्यांसाठी 'फक्त पाहणं' करून टाका. त्यानंतरची प्रत्येक दुरुस्ती पीडीएफच्या मुद्रितावर. गिरणीच्या नावाची चूक नेमकी या टप्प्यावर झाली होती.

फॉन्ट कोणता?

लिहिताना कोणताही युनिकोड फॉन्ट चालेल. छापताना मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' देणारा निवडा. हिंदी वळण काही फॉन्टांत मुळातच येतं आणि मराठी वाचकाला ते खटकतं. मुक्त फॉन्टांत मुक्ता, नोटो आणि राज्य मराठी विकास संस्थेचे यशोमुद्रा, यशोवेणू पाहावेत.

आमचे काही सदस्य परदेशात आहेत.

मग तुम्हाला हे सगळं दुप्पट उपयोगी आहे. मुंबईत रात्री लेख तपासून झाला की न्यू जर्सीतल्या सदस्याची सकाळ असते. टिप्पण्यांना उत्तरं देऊन तो झोपतो तेव्हा इथे उजाडतं. फक्त चर्चा टिप्पण्यांतच ठेवा. निम्मी चर्चा व्हॉट्सॲपवर गेली की 'हे कोणी ठरवलं?' याचं उत्तर कोणालाच सापडत नाही.

जुनं, दुर्मीळ पुस्तक सगळ्यांनी मिळून टाइप करायचं आहे. डॉक्स चालेल?

नको, मराठी विकिस्रोत वापरा. डाव्या-उजव्या बाजूला स्कॅन आणि मजकूर शेजारी-शेजारी दिसतात. न तपासलेलं पान लाल, एकाने तपासलेलं पिवळं, दुसऱ्या व्यक्तीने पुन्हा पडताळलेलं हिरवं. पहिल्यानेच स्वतःचं पान हिरवं करायची मुभा नाही. मुद्रितशोधनाची इतकी शहाणी व्यवस्था मी अन्यत्र पाहिली नाही, आणि आमच्या फोल्डरमधल्या लेखांना हेच तीन रंग द्यायला आम्ही तिथूनच शिकलो. अट एक: पुस्तक स्वामित्वहक्कातून मुक्त हवं. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून मोजून साठ वर्षं जावी लागतात.

गणिताची सूत्रं असलेला प्रबंध मराठीत लिहायचा आहे.

ओव्हरलीफवर, म्हणजे ब्राउझरमध्ये लाटेक्स या सूत्रांसाठीच्या पद्धतीने लिहायच्या सेवेवर, झीलाटेक्स हा युनिकोड फॉन्ट चालणारा प्रकार निवडून आणि देवनागरी युनिकोड फॉन्ट लावून. शिकायला वेळ लागतो, सूत्रं मात्र देखणी येतात.

अंक निघाला. आता फाइलींचं काय करायचं?

आधी पाहा की फोल्डर कोणाच्या खात्यावर आहे. ते संपादकाच्या वैयक्तिक खात्यावर असेल तर संपादक बदलला की अंकाची सगळी वर्षं त्याच्याबरोबर जातात. मंडळाच्या नावाने वेगळं खातं काढा, पासवर्ड दोघांकडे ठेवा, आणि परत मिळवण्यासाठी दिलेला फोन नंबर चालू आहे ना ते दरवर्षी पाहा. दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं गूगल मजकुरासह काढून टाकू शकतं. एखाद्या वर्षी अंक निघाला नाही तर ही मुदत सहज उलटते.

मग प्रत्येक लेखाची शेवटची आवृत्ती डीओसीएक्स आणि ओडीटी या दोन्ही स्वरूपांत उतरवून घ्या, छापलेल्या अंकाची पीडीएफ घ्या, लेखकांची संमतीपत्रं घ्या, आणि हे सगळं दोन वेगळ्या घरांतल्या दोन डिस्कवर ठेवा. आमची एक माझ्याकडे आहे, दुसरी डोंबिवलीला काकूंच्या कपाटात. तिच्यात त्या गिरणीवरच्या लेखाची दुरुस्त प्रत आहे, बरोबर नाव असलेली. बाईंच्या नातवाने ती मागच्या वर्षी मागून घेतली.